नमुना घेतल्याची जागा

“हात दे. आणि नाकानं श्वास घेऊ नकोस, तोंडानं घे.”

हे होवाळ मला सांगत होता. मांड्यांपर्यंत गाळात तो उभा होता. मी काठावर होतो, कोरडा.

“दोन्ही हात दे, मर्दा. एकानं नाही निघणार मी.”

“आधी कॅन वर दे.”

“कॅनला काही होत नाही. मला ओढ.”

मी ओढलं. गाळानं त्याला सोडताना एक ढेकर दिली. लांब, ओली, पोटभर जेवलेल्या माणसाची. पाय बाहेर आला तेव्हा त्यात बूट नव्हता.

“बूट गेला.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? मेव्हण्याचा आहे.”

तो पुन्हा वाकला. खांद्यापर्यंत हात खाली घालून चाचपायला लागला. बराच वेळ चाचपल्यावर त्याचा चेहरा उजळला, “सापडला” म्हणाला, आणि त्यानं हात वर काढला. हातात मासा होता. बोय. वीतभर, पांढरी, फुगलेली. त्यानं नीट धरायला बोटं आवळली तर तिची कातडी मोज्यासारखी सरकून त्याच्या बोटांवर आली.

मी तिथंच ओकलो. सकाळचे पोहे, चहा, सगळं.

होवाळ हसत सुटला. गाळात उभा राहून, हातात माशाची कातडी घेऊन.

“उतरलो मी, आणि ओकतोस तू!”

*

होवाळच्या कॅनवरचं लेबल

नमुना क्रमांक: २

दिनांक: ११ मार्च १९९७

वेळ: सकाळी ११.४०

रंग: लालसर तपकिरी, वर तेलकट पापुद्रा

वास:

इथं तो अडला. काठावर बसून, पेन अंगापासून लांब धरून.

“वास काय लिहू? एकच शब्द मावतोय.”

“घाण.”

“ते शास्त्रीय नाही.”

“सडका?”

“कशाचा सडका, ते लिहावं लागेल.” मग त्यानं लिहिलं, ‘तीव्र’.

तीव्र. नासलेली अंडी, त्यात कुठल्यातरी रसायनाचा गोडवा, उन्हात फुटलेल्या पेरूंसारखा, आणि त्याखाली बंद पडलेल्या संडासाची वाफ. हे तिन्ही एकदम येत नव्हते. एक जाऊन दुसरा येई. दुसऱ्याची सवय होते आहे असं वाटलं की तिसरा. तोंडानं श्वास घेतला तर जिभेवर बसे. दुपारी लॅबमध्ये मी चूळ भरली, साबण चावला, तरी तो होता.

पण लेबलावर जागा तेवढीच.

*

माझ्या कॅनवरचं लेबल

नमुना क्रमांक: १

दिनांक: तोच

नमुना घेतल्याची जागा:

हे नंतर भरतो.

*

जागा एक होती, उमेदवार दोन. घाट उतरून खाली आलं की लागणाऱ्या एका एमआयडीसीतली पाण्याची लॅब. नाव लिहीत नाही, अजून चालू आहे. कारखान्यांनी बाहेर सोडलेल्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि दाखला द्यायचा, हे लॅबचं काम. दाखला नीट असेल तर कारखाना चालू राहतो. केमिस्ट हवा होता. जाहिरात आली, लेखी परीक्षा झाली, त्यात आम्ही दोघं उरलो. मी आणि यशवंत होवाळ. कोल्हापूरला एम.एस्सी.ला आम्ही एकाच वर्गात होतो. तो पहिला, मी चौथा.

एम.एस्सी. होऊन सतरा महिने झाले होते. ही माझी तेरावी मुलाखत. तिकडे आजऱ्याला वडिलांनी नवव्या मुलाखतीनंतरच गावात सांगून टाकलं होतं की विश्वजित सायंटिस्ट म्हणून लागला. मी घरी गेलो की लोक विचारत, रजा किती दिवस? मी सांगायचो, चार. चार दिवसांनी मला निघावंच लागे. कोल्हापुरात मामांच्या घरी जिन्याखाली झोपायला जागा होती, तिथं जाऊन मी नोकरीवर असे.

होवाळचंही काही सुखाचं नव्हतं. तासगावला आई द्राक्षांच्या शेडवर पेट्या भरायची. पण त्यानं कुणाला काही खोटं सांगितलं नव्हतं.

लॅबचे मालक हर्डीकर. पन्नाशीचे, पातळ केसांचे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. सकाळी त्यांनी आम्हाला दोन काळे प्लास्टिकचे कॅन दिले, बर्फाची एक पेटी दिली, आणि एका औषधी कारखान्याचं नाव सांगितलं.

“लेखी झालं. आता प्रत्यक्ष. जीप सोडेल तुम्हाला तिथं. आउटलेटचा नमुना घ्यायचा. प्रत्येकानं आपापला. परत येऊन सीओडी काढायचा आणि सहीनिशी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवायचा. पाचच्या आत. काही शंका?”

सीओडी म्हणजे पाणी किती घाण आहे ते सांगणारा आकडा. कायद्याची मर्यादा अडीचशे.

होवाळनं विचारलं, “सर, दोघांचा आकडा एकच आला तर?”

“मग ज्याचं काम हातानं चांगलं, त्याची नोकरी,” हर्डीकर म्हणाले. “मी मधून मधून येऊन बघणार आहे.”

होवाळनं माझ्याकडे बघून डोळा मारला. हाताचं काम त्याचं कसं होतं हे मला ठाऊक होतं. ब्यूरेटमधून थेंब सोडायचा तो, अर्धा थेंब, आणि तो बरोबर तिथंच थांबायचा. दोन वर्षांत त्याचा आकडा चुकल्याचं मला आठवत नाही.

*

कारखान्यात इंगवले म्हणून अधिकारी होते. पर्यावरण विभाग. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

“कुठलं गाव पाव्हणं?”

“आजरा.”

“आँ? आजऱ्यात कुठं?”

“गावातच. सरनोबत.”

“सरनोबत! म्हंजे आपलंच की. मी गडहिंग्लजचा. आमची थोरली आत्या आजऱ्यात दिलीया.” मग त्यांनी मान वळवली. “आणि तुमचं?”

“तासगाव.”

“आडनाव?”

“होवाळ.”

“बरं बरं,” इंगवले म्हणाले.

चहा दोघांना आला. बिस्किटांची बशी माझ्यापुढं आली आणि तिथंच राहिली. मी ती होवाळकडे सरकवली. एवढं मी केलं होतं, हे लिहून ठेवतो.

मग होवाळ गेटवरच्या रजिस्टरात दोघांची नावं, पत्ते, वेळ लिहायला गेला. तोवर इंगवल्यांनी मला कॅन्टीन दाखवलं. पाच मिनिटांत आम्ही परत आलो.

नमुना घ्यायची जागा बघण्यासारखी होती. हिरवा रंग दिलेला चौकोनी कट्टा, त्यावर पितळी नळ, वर पाटी: ‘प्रक्रिया केलेले सांडपाणी. नमुना स्थान.’ शेजारी गुलाबाचा वाफा आणि काचेची टाकी. टाकीत लाल मासे. टाकीवर दुसरी पाटी: ‘हे मासे आमच्या सांडपाण्यात जगतात.’

“घ्या निवांत,” असं म्हणून इंगवले आत गेले.

होवाळनं नळ सोडला. कॅन विसळला, भरायला लावला. पाणी काचेसारखं होतं.

“एवढं स्वच्छ?” मी म्हणालो.

“प्लांट चांगला असेल.”

“तुला खरंच वाटतं हे आउटलेट आहे?”

“पाटी आहे की.”

“पाटी कुणीही लावतं.” मी इकडं तिकडं बघितलं. “मागच्या भिंतीपलीकडं पाइप आहे. तो खाडीत जातो. खरं पाणी ते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“गेटवर कुणीतरी बोलत होतं.”

होवाळचा हात नळावर थांबला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर शंका नव्हती. तो लाजला होता.

“च्यायला,” तो म्हणाला, “आणि मी इथं गप भरून जाणार होतो. बरं झालं बोललास, सरनोबत. दुसरा कोण असता तर बोलला नसता.”

त्यानं कॅनमधलं पाणी गुलाबांना ओतलं.

*

आम्ही गेटबाहेर पडून भिंतीला वळसा घालून मागं गेलो. बाभळी, तुटलेल्या गोणी, मग एकदम उतार. माणसाच्या छातीएवढा पाइप भिंतीतून बाहेर आला होता आणि त्यातून ते पडत होतं. पाणी म्हणवत नाही. फेसाचे मोठमोठे ढिगारे वाऱ्यानं हलत होते. खाडीचा काठ कुठं संपतो आणि गाळ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. होवाळला तर अजिबातच कळलं नाही. दुसऱ्या पावलाला तो आत गेला.

पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

पण एक गोष्ट राहिली. बाहेर येण्याआधी, गाळात उभ्या उभ्याच, त्यानं आपला कॅन भरला, बूच लावलं, शेजारी गाळावर टेकवला. आणि हात पुढं केला.

“तुझा दे.”

“काय?”

“तुझा कॅन दे. मी उतरलोच आहे, दोन्ही भरतो. तू कशाला उतरतोस या घाणीत?”

“नको. प्रत्येकानं आपापला घ्यायचा. सर म्हणाले.”

“कोण बघतंय?”

“नको म्हटलं ना. नियम म्हणजे नियम.”

त्यानं हात मागं घेतला. मग म्हणाला, “खरंय. तू लेका फार सरळ आहेस.”

*

बाभळींतून एक बाई आली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. ओढलेला, काळा चेहरा. होवाळला बघून थांबली.

“पडलास काय रे बाबा?”

“पडलो नाही मावशी, उतरलो. पाणी तपासायला आलोय.”

“कुठलं पाणी?”

“हे.”

बाई हसली. मग हंडा खाली ठेवला. “ये इकडं. धुवून घे. सुकलं की कातडी सोलून निघते.”

“मावशी, प्यायचं असेल ते.”

“हाय प्यायचंच. पलीकडल्या विहिरीवरनं आणते, दीड मैल. वाक.”

तिनं स्वतः त्याच्यावर ओतलं. अख्खा हंडा. अंगावरून ओघळणारं पाणी बराच वेळ लालच राहिलं. शेवंताबाई तिचं नाव. पूर्वी याच ठिकाणी ती तिसऱ्या काढायची. टोपलीभर शिंपल्या, ओहोटीच्या वेळी, नुसत्या हातानं. आता तिनं पाय पुढं करून दाखवला. बोटांच्या बेचक्यांत कातडी नव्हती, ओलं गुलाबी मांस होतं. मी मान फिरवली. होवाळनं वाकून बघितलं.

“मोठी मोठी माणसं येतात म्हणे तपासायला,” ती म्हणाली. “गेटानं आत जातात, गेटानं बाहेर जातात. बाटली घेऊन इथवर आलेला तू पहिलाच. काय होतं तुझ्या तपासण्यानं?”

“आकडा येतो.”

“आकड्यानं काय होतं?”

“आकडा कागदावर गेला, की त्यांना हे बंद करावं लागतं.”

“मग काढ बाबा लवकर आकडा.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “नि हा का असा सुका?”

“त्याचं अजून घ्यायचंय,” होवाळ म्हणाला.

“मी पलीकडून घेतो,” मी म्हणालो. “तिकडे मोरी आहे, वाकून घेता येईल. तू जीपकडे हो.”

“हुशार आहेस. मला सुचलंच नाही.”

शेवंताबाईनं त्याला नवऱ्याच्या प्लास्टिकच्या चपला दिल्या. दोन नंबर मोठ्या. त्या फटक फटक वाजवत, काळा कॅन पोटाशी धरून तो गेला. त्याला आता काही लागत नव्हतं, ना वास, ना ऊन. ज्याला परीक्षेत येणारा प्रश्न आधीच सुटला आहे त्याची चाल होती ती.

*

लॅबमध्ये हर्डीकरांनी त्याला मागची खोली दिली, मला पुढची. बघाबघी नको म्हणून. वासामुळंही असेल.

सीओडीला दोन तास उकळावं लागतं. मधल्या वेळात मी भिंतीकडे बघत बसलो. पलीकडून होवाळचा आवाज येत होता. तो गुणगुणत होता. मध्येच थांबे, काच वाजे, पुन्हा गुणगुणे. एकदा हर्डीकर त्याच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. माझ्याकडे ते दारातूनच डोकावले.

पाचला दोन्ही रिपोर्ट टेबलावर होते. होवाळनं माझा एक शर्ट घातला होता, माझ्या पिशवीतला जास्तीचा. त्याच्या हातांना वास होताच. हर्डीकरांनी त्याला आधी आत बोलावलं. तीन मिनिटं. बाहेर आला तो चेहरा लाल.

“काय म्हणाले?”

“उत्तम काम म्हणाले! ‘उत्तम’ हाच शब्द. पत्रानं कळवतो म्हणाले.” मग आवाज खाली आणून, “तुझंही होईल रे. आज नाही तर उद्या.”

मी आत गेलो.

*

हर्डीकर उकडलेलं अंडं सोलत होते. आमच्या रिपोर्टांवर वर्तमानपत्राचा तुकडा, तुकड्यावर टरफलं, मिठाची पुडी.

“बसा. घरी चालत नाही हे. इथंच उरकतो.” त्यांनी अर्धं अंडं तोंडात घातलं. पिवळा बलक ओठाच्या कोपऱ्यात चिकटला आणि तिथंच बोलता बोलता हलत राहिला. “तुमचा अठ्ठ्याऐंशी.”

“हो, सर.”

“होवाळांचा चार हजार एकशे.”

मी टरफलांखालचे रिपोर्ट बघत होतो.

“बरोबर आहे त्यांचा. अचूक. गेली सात-आठ वर्षं तो साडेतीन ते साडेचार हजारांत असतो. पूर्वी मी स्वतः काढायचो. कुणाला द्यायला नव्हे. आपला असावा म्हणून.” त्यांनी मीठ चिमटीत घेतलं. “इतका चांगला केमिस्ट मी बऱ्याच दिवसांत बघितला नाही.”

“मग, सर…”

“मग काय? त्यांचा आकडा मी छापला तर कारखाना दुसऱ्या लॅबकडे जाईल. त्याच्यामागून बाकीचे बावीस जातील. मला अठ्ठ्याऐंशी आणणारा माणूस हवा. न सांगता आणणारा. सांगावं लागलं की ते बाहेर फुटतं.” त्यांनी खणातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. नाव रिकामं होतं, बाकी सगळं टाइप केलेलं. “एक तारखेपासून या. नाव तुम्हीच घाला.”

मी नाव घातलं. अक्षर चांगलं आलं.

“एकच विचारतो,” हर्डीकर म्हणाले. उरलेलं अर्धं अंडं त्यांच्या हातात होतं. “मी पाठवलेली मुलं बहुतेक नळावरच थांबतात. काही कळून, काही न कळून. होवाळांनी पाटीबद्दल काही विचारलं नाही, असा इंगवल्यांचा फोन होता, म्हणजे त्यांना शंका नव्हती. मग ते मागं गेले कसे?”

“मी सांगितलं त्याला.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“इंगवले साहेबांनी.”

“इंगवल्यांनी मागं जा म्हणून सांगितलं?”

“नाही, सर. जाऊ नका म्हणून.”

पंखा फिरत होता. टरफलाचा एक तुकडा उडून माझ्या रिपोर्टावर पडला. हर्डीकरांनी सात-आठ वर्षं खोटे दाखले दिले होते. ते बलक माखलेल्या ओठांनी माझ्याकडं बघत होते, आणि मग त्यांनी हातातलं अर्धं अंडं कागदात गुंडाळून टोपलीत टाकलं. खाल्लं नाही.

“या तुम्ही,” ते म्हणाले. मी हात पुढं केला. त्यांनी आपले दोन्ही हात रुमालानं पुसायला घेतले, आणि मी दाराबाहेर जाईपर्यंत पुसत राहिले.

त्यांच्याकडे मी एकोणीस वर्षं काढली. त्यांनी माझ्या हातात कधी हात दिला नाही.

*

नमुना घेतल्याची जागा:

हिरवा कट्टा. पितळी नळ. होवाळ जीपकडे गेल्यावर मी भिंतीला उलटा वळसा घालून गेटानं आत आलो आणि पाटीखाली उभं राहून कॅन भरला. काचेतले लाल मासे तोंडं उघडझाप करत होते. रंग: नाही. वास: नाही. बूट कोरडे होते.

कॅन्टीनमध्ये पाच मिनिटांत इंगवले एवढंच म्हणाले होते:

“हे बगा पाव्हणं. आजऱ्याचं म्हणून सांगतो. हर्डीकर साहेब नवा माणूस घेताना पैलं हितंच धाडत्यात. नळाचं पाणी घ्यायचं, कागद करायचा, सही करायची. भिंतीमागं पाइप हाय, तिकडं फिरकायचं न्हाई. जो फिरकला तो ऱ्हायला न्हाई.”

“हे सगळ्यांना सांगता?”

“सगळ्यांस्नी कशापायी? आपल्या माणसाला सांगायचं.”

“आणि तो, माझ्याबरोबरचा?”

“त्याचं तुमी बगा. सांगा, नका सांगू.”

मी बाहेर आलो तेव्हा होवाळ रजिस्टर संपवून येत होता. मी काहीच केलं नसतं तर त्यानं नळाचं पाणी घेतलं असतं. मीही घेतलं असतं. दोघांचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला असता. मग हर्डीकर हाताचं काम बघणार होते, आणि ते कुणाचं चांगलं हे वर लिहिलं आहे.

म्हणून मी त्याला सांगितलं. खरं होतं तेच सांगितलं.

*

कोल्हापूरची गाडी सव्वासातला होती. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही बसलो. आमच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू उठून दुसरीकडं गेली. होवाळच्या लक्षात आलं तेव्हा तो हसला.

“जागा ऐसपैस मिळाली बघ.”

पाकीट माझ्या पिशवीत होतं, दोन्ही पायांच्या मध्ये. मी सांगणार होतो. आता, किंवा गाडी आल्यावर, किंवा गाडीत. त्यानं शेंगदाणे घेतले, पुडी माझ्यापुढं धरली. मला त्याच्या बोटांचा वास आला. मी दोन दाणे उचलले.

“किती आला तुझा?” त्यानं विचारलं.

“कसला?”

“आकडा. आता सांगायला काय हरकत आहे? माझा चार हजार एकशे.”

“नऊशे,” मी म्हणालो. मग म्हणालो, “नऊशे वीस.”

हा आकडा कुठून आला मला माहीत नाही. शेवटी वीस का लावले, तेही माहीत नाही. नुसते नऊशे खोटे वाटले असते.

होवाळच्या कपाळावर आठी पडली. एकाच पाइपचं पाणी, एकाच वेळचं, आणि चौपटीपेक्षा जास्त फरक. तो दाणे चावायचा थांबला. खाली बघून त्याचे ओठ हलायला लागले, तो हिशेब करत होता. मला वाटलं, आता. आता याला कळणार. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

“उकळताना फ्लास्क हिरवा पडला होता का?”

“हो,” मी म्हणालो.

“मग बरोबर! तू नमुना पातळ न करता घातलास. एवढ्या घाणीला आपण घालतो ते रसायन पुरतच नाही. संपून जातं. मग आकडा नऊशे-हजाराच्या पुढं सरकतच नाही, पाणी कितीही घाण असू दे.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “होतं रे. घाईत कुणाचंही होतं. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि हे बघ, नोकरी मला लागली, तर त्यात तुझा अर्धा वाटा. तू बोलला नसतास तर मी नळाचं पाणी घेऊन बसलो असतो.”

मी मान हलवली.

“पुढच्या मुलाखतीत हे विचारतातच. थांब, दाखवतो.”

त्यानं शेंगदाण्याची पुडी सोडवली. दाणे माझ्या ओंजळीत ओतले, कागद मांडीवर सपाट केला, पेन काढलं. पाच मिली नमुना, पंच्याण्णव मिली पाणी. बाण काढले. फ्लास्क काढला. हिरवा पडतो तो टप्पा दोनदा अधोरेखित केला. अंधारायला लागलं तेव्हा तो कागद घेऊन दिव्याखाली सरकला, मीही सरकलो. गाडी लागली, माणसं धावली, आमचं संपलं नव्हतं म्हणून आम्ही बसून राहिलो. मी हं हं म्हणत होतो. एका ठिकाणी मी शंकासुद्धा विचारली.

“म्हणजे वीसपट पातळ केलं, तर शेवटी वीसनं गुणायचं?”

“तेच तर!” होवाळ खूश होऊन म्हणाला. आणि मला नीट कळावं म्हणून त्यानं सगळा गुणाकार पुन्हा पहिल्यापासून करून दाखवला.